उचलते का? धरते का?



आज आम्ही ट्रॅक्टरविषयी बोलणार आहोत. नवा ट्रॅक्टर कोणता घ्यावा, हे सांगायला आम्ही आलेलो नाही. ज्यांच्या घरी जुना ट्रॅक्टर आहे, किंवा जे जुन्या ट्रॅक्टरवाल्याकडून भाड्याने वावर नांगरून घेतात, त्यांच्यासाठी हे बोलणे आहे. ट्रॅक्टरच्या मागे नांगर, वखर, पेरणीयंत्र उचलणारे जे अंग असते, त्याला आपण लिफ्ट म्हणतो. कोणी हायड्रॉलिक म्हणतात. ही लिफ्ट बिघडली, तर दोष कोणत्या बाजूला आहे हे आपले आपल्याला कसे ओळखता येईल, एवढेच आज पाहायचे आहे.

तुम्ही म्हणाल, "हे तर मिस्त्रीचं काम. आपल्याले त्यातलं काय समजते?"

खरे आहे. दुरुस्ती मिस्त्रीच करील. पण लेकराला बरे नसले, म्हणजे आई आधी अंगाला हात लावून पाहते. ताप कधीपासून आहे, खोकला आहे का, पोटात काही ठरते का, हे ध्यानात ठेवते. मग डॉक्टरकडे जाते. तिने नीट सांगितले, की डॉक्टरचे काम सोपे होते. नुसते "लेकरू रडते" म्हटले, तर डॉक्टर तरी काय करील? ट्रॅक्टरचेही तसेच आहे. नुसते "लिफ्ट गेली" म्हणू नये. काय गेले, ते सांगता यावे.

वाफसा थांबत नाही

आपल्या उत्तरेला सातपुडा. त्याच्या पायथ्यापासून खाली पूर्णा नदीपर्यंत काळी जमीन. जमीन कसदार, पण स्वभावाने हट्टी. वाळली की दगडासारखी होते. भिजली की पायाला आणि फाळाला चिकटते. या दोहोंच्या मधे वाफशाचे थोडेच दिवस मिळतात. ७ जूनच्या सुमारास मृग लागतो. पुरेसा पाऊस पडला, वाफसा आला, की साऱ्या गावाला एकाच वेळी ट्रॅक्टर लागतो.

नेमकी त्याच वेळी लिफ्ट बिघडते. वर्षभर ट्रॅक्टर नुसती ट्रॉली ओढतो. लिफ्टवर खरा भार येतो तो मशागतीला आणि पेरणीला. म्हणून दोष तेव्हाच उघडा पडतो.

मग काय होते? समजा, एका भावाचा ट्रॅक्टर धुऱ्यावर उभा आहे. नांगर उचलत नाही. चार माणसे जमतात.

"काहून भाऊ, लिफ्ट काहून नाही उचलून राह्यली?"

"पंप गेला असंन. दुसरं काय?"

झाले. पंप काढला. नवा पंप आणायला माणूस अकोटला, नाही तर अकोल्याला गेला. पैसे उसने काढले. दोन दिवस गेले. नवा पंप बसवला, आणि लिफ्ट जशीच्या तशी! कारण दोष पंपात नव्हताच. तेल कमी होते, किंवा गाळणी तुंबली होती, किंवा आतले एक रबराचे कडे फाटले होते. पैसा गेला तो गेला. वाफसाही गेला. पैसा पुन्हा मिळवता येतो. गेलेला वाफसा परत येत नाही.

म्हणून घाईच्या वेळीच शांतपणे तपासायला शिकले पाहिजे.

लिफ्ट चालते कशी?

आधी ही लिफ्ट चालते कशी ते पाहू. त्यात जादू काही नाही.

तेल पक्के कोंडून ठेवले आणि एका जागी दाबले, तर तो दाब साऱ्या तेलात सारखा पसरतो. हा नियम फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कल नावाच्या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात मांडला. समजा, एका नळीच्या दोन टोकांना दोन दट्टे आहेत. लहान दट्ट्याचे तोंड १ चौरस सेंटिमीटर. मोठ्याचे तोंड ६० चौरस सेंटिमीटर. मधे तेल भरले आहे. लहान दट्ट्यावर १० किलोचा जोर दिला, तर मोठ्या दट्ट्यावर ६०० किलोचा जोर मिळतो. पण फुकट काहीच मिळत नाही. लहान दट्ट्या ६० सेंटिमीटर ढकलावा, तेव्हा मोठा १ सेंटिमीटर सरकतो. जोर वाढला, अंतर घटले.

इंग्लंडमध्ये १७९५ साली जोसेफ ब्रामा या कारागिराने याच नियमावर दाबयंत्र बनवले. आपल्या वऱ्हाडात ते सर्वांनी पाहिले आहे. जिनिंगमध्ये सरकी निघते. मग प्रेसिंगमध्ये रुई दाबून १७० किलोची गठाण बांधतात. ती दाबणारे यंत्र याच जातीचे. समुद्रावर छोट्या वेगवान बोटी असतात. त्यांच्या मागे टांगलेले इंजिन वर-खाली करतात, तेही तेलाच्याच दाबाने.

ही युक्ती नांगराला नीट जोडून दाखवली ती हॅरी फर्ग्युसन याने. हा आयर्लंडमधल्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याच्या पद्धतीचे ट्रॅक्टर १९३६ साली विक्रीला आले. त्याआधी नांगर साखळीने किंवा आकड्याने मागे ओढत. फर्ग्युसनने नांगर तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला जोडला आणि तेलाच्या दाबाने उचलला. आज आपल्या ट्रॅक्टरच्या मागे जे खालचे दोन दांडे आणि वरचा एक दांडा दिसतो, तो याच पद्धतीचा आहे.

आता ट्रॅक्टरच्या पोटात काय चालते ते पाहा.

पंप टाकीतले तेल ओढतो आणि पुढे ढकलतो. ते तेल झडपेतून मोठ्या दट्ट्यामागे जाते. दट्ट्या म्हणजेच पिस्टन. पिस्टन सरकतो आणि लिफ्टचे हात वर फिरवतो. नांगर वर येतो. तो वर आला, की झडप बंद होते. तेल पिस्टनमागे कोंडून राहते.

इथे थोडे थांबा आणि विचार करा. आता नांगर वर आहे, तो कोणाच्या जोरावर? पंपाच्या नव्हे. तो कोंडलेल्या तेलावर टेकला आहे. ते तेल झडपेने आणि पिस्टनच्या रबरी कड्याने अडवून धरले आहे. खाली आणताना झडप उघडते. तेल टाकीत परत जाते आणि नांगर आपल्या वजनाने खाली येतो.

म्हणजे कामे दोन झाली. एक उचलण्याचे, दुसरे धरण्याचे. उचलण्याचे काम पंपाचे. धरण्याचे काम झडपेचे आणि रबरी कड्याचे. आजच्या बोलण्यातली हीच मुख्य गोष्ट आहे. ही ध्यानात राहिली, तर बाकीचे आपोआप जुळत जाते.

गावातल्या हातपंपाचे उदाहरण घ्या. सकाळी पहिल्यांदा दांडा मारला की पाणी येत नाही. दहा-वीस हात मारावे लागतात, मग धार लागते. असे का होते? रात्री नळातले पाणी खाली उतरून गेले. खालची झडप गळते. आता दांडा मारायला गावातला पैलवान आणला, तर झडप गळायची थांबेल का? नाही थांबणार. तसेच, धरण्याची बाजू गळत असेल, तर नवा पंप घालून उपयोग नाही.

हात लावण्याआधी

तपासायला बसण्यापूर्वी तीन गोष्टी पाळा. यात हयगय नको. यात जीव जातो.

पहिली गोष्ट. उचललेल्या नांगराखाली, रोटाव्हेटरखाली किंवा ट्रॉलीखाली कोणीही जाऊ नये. क्षणभरही नको. आपण आताच पाहिले, की ते सारे वजन एका रबरी कड्यावर आणि एका झडपेवर टेकलेले असते. इंजिन बंद असले, तरी लिव्हर खाली केला की नांगर खाली येतो. एखादे लेकरू खेळता खेळता लिव्हरला हात लावते, आणि खाली वाकलेला बाप चिरडतो. खाली काम करायचेच असेल, तर आधी अवजार जमिनीवर टेकवा. ट्रॉली उचलून काम करायचे असेल, तर ती आधी रिकामी करा. मग तिला मजबूत लोखंडी टेका द्या. विटांची चळत किंवा लाकडाचा तुकडा हा टेका नव्हे.

दुसरी गोष्ट. दाबाखाली असलेली नळी कुठे गळते, हे हाताने चाचपू नका. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात शेतात काम करताना दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १ किलो दाब असतो. लिफ्टच्या तेलात तो १५० किलोपर्यंत आणि त्याच्याही वर जातो. बारीक भोकातून उडालेली तेलाची धार सुईसारखी कातडीत घुसते. वरून टोचल्याएवढीच खूण दिसते. फार दुखतही नाही. पण आत तेल पसरते, मांस सडते आणि बोट किंवा हात गमवावा लागतो. असे झाले, तर हळद लावून घरी बसू नका. ताबडतोब मोठ्या दवाखान्यात जा आणि "दाबाचे तेल कातडीत गेले आहे" असे स्पष्ट सांगा. गळती पाहायची असेल, तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून नळीजवळ धरा. धार असेल, तर पुठ्ठा ओला होईल.

तिसरी गोष्ट. नळी सोडवण्याआधी अवजार जमिनीवर टेकवा आणि इंजिन बंद करा. मग लिव्हर दोन-चार वेळा वर-खाली करा. आत कोंडलेला दाब निघून जातो.

आधी स्वस्त, मग महाग

तपासताना क्रम पाळावा. बाहेरून आत जावे. स्वस्तापासून महागाकडे जावे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. तेलही बदलले, गाळणीही बदलली आणि पंपही बदलला, तर गुण कशाने आला ते कधीच कळणार नाही.

पहिली पायरी: लिव्हर आणि खटके. यात एक पैसाही लागत नाही. लिफ्टचे लिव्हर जागेवर आहेत का? बऱ्याच ट्रॅक्टरांना नांगर हळू की भरभर उतरावा, हे ठरवणारी एक फिरकी असते. ती पूर्ण आवळली गेली, तर काही ट्रॅक्टरांत अवजार ना वर जात, ना खाली येत. ट्रॉली जोडण्याचा खटका ट्रॉलीकडे राहिला असेल, तर तेल ट्रॉलीच्या वाटेला जाते आणि नांगर जागचा हलत नाही. काही जुन्या ट्रॅक्टरांत पंप मागच्या फिरत्या दांड्यावर, म्हणजे पीटीओवर चालतो. त्याचा लिव्हर सुटलेला असला, की पंप फिरतच नाही. हे सारे पाहायला पाच मिनिटे लागतात. पुष्कळ वेळा दोष इथेच सापडतो.

भारही पाहा. अवजार ट्रॅक्टरच्या ताकदीबाहेरचे तर नाही ना? त्याला ओल्या मातीचे मोठे लोंदे तर चिकटले नाहीत ना? आपली काळी माती ओली झाली, की अवजाराचे वजन पुष्कळ वाढते.

दुसरी पायरी: तेल. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. अवजार खाली टेकवा. इंजिन बंद करा आणि थोडा वेळ थांबा. मग तेल पाहण्याची पट्टी काढा, पुसा, पुन्हा घाला आणि काढून पाहा. अवजार वर असताना पाहिले, तर चुकेल. कारण तेव्हा काही तेल पिस्टनमागे असते आणि पट्टीवर तेल कमी दिसते.

पट्टीवर दोन खुणा असतात. तेल त्या दोहोंच्या मधे हवे.

मग तेलाचा रंग पाहा. तेल दुधाळ झाले असेल, तर त्यात पाणी शिरले आहे. ट्रॅक्टर पावसात उघडा राहिला असेल, किंवा धुताना झाकणातून पाणी गेले असेल. असे तेल काढून टाकलेच पाहिजे. तेलावर फेस असेल, तर आत हवा शिरते आहे. तेल काळे असेल, जळका वास येत असेल, तर ते फार तापले आहे किंवा फार जुने झाले आहे. तेलात लोखंडाचा चकचकीत चुरा दिसला, तर आत काहीतरी घासते आहे. मग ट्रॅक्टर चालवू नका, मिस्त्रीला बोलवा.

बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांत लिफ्टचे तेल आणि गिअरच्या पेटीचे तेल एकच असते. म्हणून तेल खराब झाले, की नुकसान लिफ्टपुरते राहत नाही.

तेल कोणते घालावे, हे ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत छापलेले असते. डब्यावरचे नाव त्याच्याशी ताडून पाहा. अक्षर न् अक्षर वाचा. आता तुम्हाला वाचता येते, दुकानदाराच्या तोंडाकडे पाहण्याचे कारण नाही. इंजिनातून काढलेले जळके तेल लिफ्टमध्ये कधीही ओतू नये. तेल पातळ करायला डिझेल घालू नये. असे वाचवलेले शंभर रुपये पुढे हजारांनी फेडावे लागतात.

ट्रॉलीवाल्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. ट्रॉली उचलताना तिच्या जॅकात ट्रॅक्टरचेच काही लिटर तेल जाते. म्हणून ट्रॉली पलटी करायची असेल, तर तेल भरपूर हवे. ट्रॉली खाली आली, की ते तेल ट्रॅक्टरात परत येते. आज एकाची ट्रॉली, उद्या दुसऱ्याची, असे जोडत गेलात, तर एकाच्या घरचा कचरा आणि पाणी दुसऱ्याच्या ट्रॅक्टरात जाते. मागून आणलेली ट्रॉली जोडण्याआधी नळीचे तोंड तरी स्वच्छ पुसा. आणि नळी सोडल्यावर तोंडाला टोपण लावा.

तिसरी पायरी: गाळणी आणि नळ्या. पंपाच्या आधी गाळणी असते. ती तुंबली, की पंपाला तेल ओढता येत नाही. तहानलेल्या माणसाने तुंबलेल्या नळीतून पाणी ओढावे, तसे होते. मग पंप किंचाळतो आणि नांगर झटके घेत वर जातो. जाळीची गाळणी डिझेलमध्ये धुऊन, वाळवून पुन्हा बसवता येते. कागदी गाळणी धुऊन वापरू नये, बदलावी.

आपण कापसाच्या मुलखातली माणसे. पुसायला हाताशी कापूस किंवा जुनी चिंधी असते. पण लिफ्टचे भाग कापसाने पुसू नका. त्याचे तंतू आत राहतात आणि गाळणीत, झडपेत जाऊन बसतात. न उसवणारे, स्वच्छ धुतलेले कापड वापरा. आणि झाकण उघडण्याआधी भोवतालची माती पुसून काढा. लिफ्टचा सर्वांत मोठा वैरी धूळ आहे.

पंपाकडे तेल नेणारी नळी कुठे ढिली आहे का, तेही पाहा. तिथे तेल बाहेर गळतेच असे नाही. उलट बाहेरची हवा आत ओढली जाते. मग तेलाला फेस येतो.

दोन परीक्षा

एवढे करूनही लिफ्ट बरी झाली नाही, तर दोन परीक्षा घ्या. मागे नेहमीचे अवजार जोडा. आजूबाजूची माणसे आणि लेकरे दूर उभी करा.

पहिली परीक्षा उचलण्याची. इंजिन मध्यम वेगाने चालू ठेवा. लिव्हर वर करा आणि मनात आकडे मोजा. चांगली लिफ्ट चार-पाच आकडे मोजेपर्यंत अवजार वर नेते. आपल्या ट्रॅक्टरला किती लागतात, ते लिहून ठेवा. ही परीक्षा सकाळी ट्रॅक्टर थंड असताना घ्या. मग तास-दोन तास काम केल्यावर, तेल तापले असताना पुन्हा घ्या.

दुसरी परीक्षा धरण्याची. अवजार पूर्ण वर उचला. इंजिन बंद करा. लिव्हर वरच राहू द्या. बाजूला दूर उभे राहून अवजार जमिनीपासून किती उंच आहे, ते काठीवर खडूने खूण करून पाहा. दहा मिनिटांनी पुन्हा पाहा. जुना ट्रॅक्टर असला, तर थोडेफार उतरेल. ते चालते. पण दहा मिनिटांच्या आत अवजार जमिनीवर येऊन बसले, तर ते चालणार नाही.

आता निकाल वाचू.

उचलत नाही किंवा फार हळू उचलते, पण उचलले तेवढे नीट धरते. दोष उचलण्याच्या बाजूला. तेल, गाळणी, ओढनळी, पंप आणि जादा दाब सोडणारी झडप, या क्रमाने पाहा. पंप शेवटी धरा, पहिल्यांदा नाही.

चांगले उचलते, पण धरत नाही. पंप ठीक आहे. त्याला हात लावू नका. दोष पिस्टनच्या रबरी कड्यात, झडपेत किंवा पिस्टनच्या नळकांड्यात आहे. रबरी कडे हा सगळ्यांत स्वस्त भाग. पण ते बदलायला लिफ्टचे वरचे झाकण उघडावे लागते. म्हणून हे काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे.

इंजिन चालू असताना लिफ्टचे हात मान डोलावल्यासारखे खाली-वर होतात. हाही धरण्याच्याच बाजूचा दोष. तेल गळते, हात उतरतात. झडप पुन्हा तेल सोडते, हात चढतात. हेच सारखे चालू राहते.

सकाळी उचलते, दुपारी उचलत नाही. तेल तापले की पातळ होते आणि झिजलेल्या फटीतून निसटते. आधी तेल योग्य आहे का, ते पाहा. ते योग्य असेल, तर पंपाची किंवा कड्याची झीज झाली आहे. कोणत्या बाजूची, ते धरण्याची परीक्षा सांगेल. याच्या उलट, सकाळी आळशी आणि दुपारी चांगली असेल, तर तेल फार जाड आहे किंवा गाळणी तुंबली आहे.

हलके उचलते, जड उचलत नाही. जादा दाब सोडणारी झडप लवकर सुटते आहे, किंवा पंप झिजला आहे. हे दाबाचे घड्याळ लावल्याशिवाय ठरत नाही. ज्या मिस्त्रीकडे घड्याळ आहे, त्याच्याकडे जा. "जरा झडप आवळून द्या" असे मात्र कोणाला सांगू नका आणि स्वतःही आवळू नका. ती झडप म्हणजे दाबाला ठेवलेली वेस आहे. वेस बंद केली, तर दाब भिंत फोडून निघतो. नळी फुटते, पेटीला तडा जातो, जवळच्या माणसाला इजा होते.

नांगर वर जातो, पण ट्रॉली उचलत नाही. आधी ट्रॉलीच्या बाजूला शोधा. नळीचे जोड पूर्ण बसले आहेत का? जॅकाच्या अंगावर तेल दिसते का? ट्रॉलीत माल एकाच टोकाला तर भरला नाही ना?

मिस्त्रीपुढे कसे बोलावे

आता तुम्ही मिस्त्रीकडे जाल, तेव्हा "लिफ्ट गेली" असे म्हणणार नाही. तुम्ही म्हणाल, "मिस्त्री, तेल खुणेइतकं आहे. गाळणी धुतली. पाच आकड्यांत वर जाते, पण इंजिन बंद केलं की चार मिनिटांत खाली येते." चांगल्या मिस्त्रीला हे ऐकून आनंदच होईल. त्याचा अर्धा दिवस वाचला. आणि कोणी म्हणालाच की पंप बदलावा लागेल, तर तुम्ही नम्रपणे विचारू शकता, "पंप खराब असता, तर पाच आकड्यांत वर गेली असती का?" भांडण नको. प्रश्न मात्र विचारावा.

बदललेला जुना भाग परत मागून घ्या. तो हातात घेऊन पाहा, म्हणजे काय झिजते ते डोळ्यांना कळते. बिलावर भागाचे नाव आणि तारीख लिहून घ्या. आणि सही करण्याआधी ते बिल वाचा.

जुना ट्रॅक्टर विकत घ्यायला गेलात, तरी या दोन परीक्षा तिथेच घ्या. मालक रंग दाखवील, टायर दाखवील. तुम्ही म्हणा, "मागं नांगर जोडा. उचलून दाखवा. आता इंजिन बंद करा, आपण दहा मिनिटं चहा पिऊ." ट्रॅक्टर तापल्यावर पुन्हा एकदा पाहा. त्या दहा मिनिटांत ट्रॅक्टर स्वतःच खरे बोलतो.

एक वही ठेवा

शेवटी एक विनंती. घरात ट्रॅक्टरची एक वही ठेवा. मालक लिहील, चालक लिहील, किंवा घरातली बाई लिहील. अक्षर वळणदार नसले तरी चालेल. पानावर एवढेच लिहा:

तारीख.
ट्रॅक्टर किती तास चालला. हा आकडा घड्याळावर दिसतो.
तेल कोणत्या खुणेवर आहे. रंग कसा आहे.
उचलायला किती आकडे लागले.
दहा मिनिटांत किती उतरले.
काय बदलले आणि किती रुपये लागले.

महिन्यातून एकदा लिहिले, तरी पुरे. मृगाच्या महिनाभर आधी, मे महिन्याच्या उन्हात, जरूर लिहा. गेल्या वर्षी पाच आकडे लागत होते आणि यंदा नऊ लागतात, असे वहीत दिसले, तर दोष येतो आहे हे आधीच कळते. दुरुस्ती मे महिन्यात होते. तेव्हा मिस्त्रीलाही वेळ असतो आणि वावरही थांबलेले असते.

तोंडची गोष्ट विसरते. "मागल्या साली तेल कधी बदललं होतं गा?" असे विचारले, तर एक म्हणतो दिवाळीला, दुसरा म्हणतो पोळ्याला. वहीतली तारीख बदलत नाही. तुम्ही एवढ्या कष्टाने अक्षर शिकलात. पत्र वाचणे, पोथी वाचणे, हा त्याचा एक उपयोग. तेलाच्या डब्यावरचे नाव वाचणे, पट्टीवरची खूण पाहून आकडा लिहिणे आणि त्यावरून आपली पेरणी वाचवणे, हाही त्याचाच उपयोग.

घरी गेल्यावर ट्रॅक्टरजवळ उभे राहा. अवजाराखाली हात न घालता, लांबून, त्याला दोनच प्रश्न विचारा. उचलतोस का? धरतोस का? आणि उत्तर वहीत लिहून ठेवा.

राम राम.